पेरूच्या वड्या पडत नाहीत? आधी रिकाम्या पातेल्याचं वजन करा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका ताईंनी विचारलंय की १ किलो पेरू आणि १ किलो साखर घेतली, थोडं पाणी घालून मिक्सरला फिरवून गाळलं, मंद गॅसवर दीड-दोन तास आटवलं, ताटात थापलं, आज चौथा दिवस तरी सुरीला चिकटतंय, कडेनं पाणी सुटलंय आणि रंग पार काकवीसारखा झालाय, तर आता परत आटवलं तर चालेल का आणि पुढच्या वेळी साखरेऐवजी गूळ घातला तर काय होईल.

ताई, टाकून देऊ नका, वर बुरशी नसेल तर वाचतंय ते. कसं वाचवायचं ते खाली सांगतेच, पण आधी चुकलं कुठं ते बघू, कारण हीच तक्रार घेऊन दर डिसेंबरात माझ्याकडं पाच-सहा जणी येतात आणि प्रत्येकीला वाटतं प्रमाण चुकलं. एकास एक साखर जरा जास्तच आहे, पण तेवढ्यानं वडी पडायची राहत नाही. तुम्ही घड्याळ बघून गॅस बंद केला, खरी चूक तिथं झाली.

मी २२ वर्षं घरातनं पेरू, आवळा, करवंद, कवठ यांच्या वड्या करून विकते, पण शिकले ते माहेरी, आणि तिथं वड्या नव्हत्या, गूळ होता. आबांचं गुऱ्हाळ होतं करवीर तालुक्यात. तिथं कुणी कधी "दोन तास झाले, उतरा काहील" असं म्हटल्याचं मला आठवत नाही. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा माणूस, काहिलीच्या म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईच्या कडेला उभा असायचा, शेजारी गार पाण्याचं भगुणं, पाक आटत आला की फावड्याच्या टोकावर जरासा घेऊन पाण्यात सोडायचा, दोन बोटांत त्याची गोळी वळायचा आणि ती भगुण्याच्या काठावर आपटून आवाज ऐकायचा. पचकन बसली की अजून थांबा, टणकन वाजली की हाळी द्यायचा आणि सगळे काहील उतरवायला धावायचे. ऊस त्याच रानातला, चुलाण तेच, तरी रोज वेळ वेगळा, कारण रसात पाणी किती हे रोज वेगळं. पेरूचं काय वेगळं असणार. आदल्या दिवशी पाऊस लागलेला पेरू आणि थंडीतला पेरू दोन्ही एकाच वेळात आटत नाहीत, त्यामुळं रेसिपीत लिहिलेली "४५ मिनिटं" मी वाचतच नाही.

आता गुळव्याचा कान तुमच्या-माझ्याकडं नाही, पण किचनचा डिजिटल काटा आहे ना. गॅसवर चढवायच्या आधी रिकामं पातेलं आणि त्यातला पळा किंवा उलथनं मिळून वजन करा आणि कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा, नाहीतर मध्येच विसरायला होतं. समजा गाळलेला गर बरोब्बर १ किलो आहे. त्यात फळाचा स्वतःचा ऐवज साधारण १०० ग्रॅम, बाकी पाणी. साखर मी ७५० ग्रॅम घालते. म्हणजे ८५० ग्रॅम असा माल जो कितीही आटवला तरी उडून जाणार नाही. सुरीनं कापता येणारी वडी हवी असेल तर तिच्यात पाऊण भाग हा माल आणि पाव भाग पाणी राहिलं पाहिजे, म्हणजे ८५० ला पाऊणनं भागा, ११३० च्या आसपास येतं. पातेलं वजा जाऊन काट्यावर ११०० ते ११३० दिसलं की काम झालं. १३०० ला उतरवलंत तर तो जॅम, चपातीला लावा, कापायला बसू नका. हजारच्या खाली गेलात तर दात धरणारी चिक्की.

एक मात्र ऐका, गरम पातेलं थेट काट्यावर ठेवू नका. माझा पहिला काटा असाच गेला, वरची प्लास्टिकची ताटली पातेल्याच्या बुडाच्या आकाराची वाटी झाली. खाली लाकडी पोळपाट ठेवायचा आणि त्याचं वजन आधीच शून्य करून घ्यायचं.

काही जणी थर्मामीटर घेतात, चांगलंय, पण पुस्तकातला आकडा तसाच धरू नका. तो समुद्रसपाटीचा असतो. आपलं कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटर उंचावर, इथं पाणीच ९८ ला उकळतं. त्यामुळं आधी साधं पाणी उकळून तुमचा थर्मामीटर काय दाखवतो ते बघायचं आणि त्याच्या वर ८-९ अंश मोजायचे, म्हणजे इथं १०६-१०७. त्यातनं गर दाट झाला की कडेला एक आकडा, मधोमध दुसरा, बुडाला तिसरा. जॅमला थर्मामीटर ठीक आहे, वडीला मी काट्यावरच विश्वास ठेवते.

बरं, वजन बरोब्बर आलं आणि तरी चिकटच राहिलं तर? तर मग फळात नाहीतर आंबटपणात खोट आहे. पेरूत पेक्टिन, म्हणजे वडी धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो, सालीत आणि बियांभोवतीच्या मऊ गरात जास्त. कच्च्या फळात ते घट्ट बांधलेलं असतं, पिकायला लागलं की सुटं होतं आणि अति पिकलं की तुटून त्याचे तुकडे पडतात, मग त्याच्यात धरून ठेवायचा जोर राहत नाही. आणि नुसतं पेक्टिन असून भागत नाही. पाण्यात त्याचे धागे एकमेकाला ढकलत असतात, आंबट घातलं की ढकलणं कमी होतं, साखर आजूबाजूचं पाणी ओढून घेते आणि मग ते धागे एकमेकात अडकून जाळं धरतात. तुमच्या प्रश्नात लिंबाचं नावच नाही ताई. पेरू गोड लागतो, पण वडी धरायला लागतो तेवढा आंबट तो बहुतेक वेळा नसतोच. १ किलो गराला २ मध्यम लिंबांचा रस लागतो, पेरू अगदीच मिठ्ठास असला तर ३. लिंबं नसतील तर लिंबाचं फूल म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड सपाट छोटा चमचा, चमचाभर पाण्यात विरघळवून.

लिंबू केव्हा घालायचं यावर आमच्यात लई वाद होतात. पहिल्यापासून सगळं घातलं आणि तासभर शिजवत बसलं तर आंबट आणि उष्णता मिळून पेक्टिन तोडतात. आणि आंबटानं साखरेतला थोडा भाग फुटला की तिचे परत खडे होत नाहीत, पण सगळं शेवटी घातलं तर तो फुटत नाही आणि आठवड्यानं वडीत साखरेचे खडे उठतात, खाताना रवाळ लागतं. मी निम्मं साखरेबरोबर आणि निम्मं उतरवायच्या पाच मिनिटं आधी घालते.

तुमची तिसरी चूक म्हणजे मंद गॅस. वाटतं की मंद आचेवर खाली लागणार नाही, सेफ आहे. पण दोन तास साखर आणि आंबट तापत राहिलं की रंग काकवीचाच होणार, पेक्टिन मरणार आणि पेरूचा वास निघून नुसता पाकाचा वास राहणार. काहील बघितलीय का कधी जवळून, केवढी पसरट आणि उथळ असते, कारण पाणी वरच्या पृष्ठभागातनं जातं. तुमचं पातेलं उंच आणि अरुंद असणार बहुतेक. पसरट कढई घ्या, एका वेळी १ किलोपेक्षा जास्त गर घेऊ नका, सुरुवातीला गॅस मोठा, आणि साखर नंतर. आधी नुसता गर आटवायचा, १ किलोचा साधारण ७०० ग्रॅम होईपर्यंत, मग साखर घालायची, म्हणजे साखर आचेवर कमी वेळ राहते. माझा १ किलोचा घाणा अर्ध्या-पाऊण तासात उतरतो, पण हे मी सांगितलं म्हणून घड्याळ लावू नका परत!

भांडं स्टीलचं जाड बुडाचं किंवा कल्हई केलेलं पितळी. बिनकल्हईच्या पितळेत कळकतं, आणि लोखंडी कढईत पेरू काळा पडतो, त्यातल्या तुरटपणाचं आणि लोखंडाचं जमत नाही. नॉनस्टिक चालतं.

पेरू कुठला घ्यायचा हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं. कपिलतीर्थ मंडईत सकाळी गेलात तर निवडून देतात, संध्याकाळी ढिगानं स्वस्त मिळतात आणि तिथंच माणूस फसतो. मीपण फसलेय. धंदा सुरू करून दुसरंच वर्ष, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून छोट्या डब्यांची ऑर्डर आली होती, मी हुशारी करून संध्याकाळचे ८ किलो पिकून मऊ पडलेले पेरू आणले, वास असा की गल्लीभर, म्हटलं काय भारी होणार. रात्री दीडपर्यंत ढवळत होते, वजन बरोबर आलं, लिंबू घातलं, सकाळी ताट तिरकं केलं तर सगळं एका कडेला ओघळलं. पार पिकून पेक्टिन संपलेलं होतं. ऑर्डरला शेवटी तिळाच्या वड्या केल्या आणि तो पेरूचा सॉस आमच्या घरात होळीपर्यंत चपातीबरोबर संपवला, आमचे हे अजून काढतात ते.

तेव्हापासून तीन भाग नुकता पिकलेला, म्हणजे बोटानं दाबलं तर जरासा दबणारा, आणि एक भाग कडक, हिरवट. वास पिकलेल्यातनं येतो, पकड कडक असतो त्याच्यातनं. जात म्हणाल तर सरदार म्हणजेच लखनौ ४९ चांगला, नाव लखनौचं पण निवड झाली आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत. रंग हवा असेल तर आतनं लाल गावठी पेरू किंवा ललित, त्याची वडी विटकरी होते. पांढऱ्या पेरूची मधासारखी पिवळसर तपकिरी होते आणि तीच तिची खरी तऱ्हा, दुकानातल्यासारखी लालभडक बघून नाराज होऊ नका, तो रंग डबीतला असतो. ते अर्धा-अर्धा किलोचे थाय पेरू मीठ-तिखट लावून खायला झकास, पण पाणचट, त्यांच्या वड्या मी करत नाही. मृग बहराचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांचे पेरू नोव्हेंबर ते जानेवारी येतात, गोडी आणि वास तेव्हाच असतो, आणि हवाही कोरडी असते. जुलै-ऑगस्टात आपल्याकडच्या पावसात वडी करायचं मनातसुद्धा आणू नका, हवेतलं पाणी पिऊन ती ताटातच रडायला लागते.

पेक्टिन आहे का नाही ते आधीच बघायचं असेल तर शिजलेल्या पेरूचं गाळलेलं पाणी एक चमचा गार करून घ्या, त्यात रंगाच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट दोन-तीन चमचे घालून मिनिटभर थांबा. एक सलग घट्ट गोळा जमला तर उत्तम, फुटकळ तुकडे जमले तर कडक पेरू वाढवा. ते चाखू नका, ते विष असतं, वाटीसकट बाजूला करा आणि गॅसपासून लांब करा हे सगळं.

कृती मोजकीच सांगते. पेरू धुऊन देठ आणि शेंडीचा काळा भाग काढायचा, साल ठेवायची, चिरलं की लगेच उकळत्या पाण्यात, नाहीतर चिरून ठेवलेला पेरू काळवंडतो आणि तो काळेपणा वडीत उतरतो. पाणी फोडी जेमतेम बुडतील एवढंच. मऊ झाल्या की मिक्सरला अजिबात लावायचं नाही, बिया फुटल्या की कडसर कचकच येते आणि मग कितीही गाळा. पुरणयंत्र काढा, बारीक जाळी लावा आणि पुरणासारखं फिरवा, बिया वर राहतात. त्या बिया टाकू नका, वाटीभर पाण्यात पाच मिनिटं उकळून तेही गाळून गरात घाला, बियांना चिकटलेल्या गरातच निम्मा जोर असतो. मग गर मोजायचा आणि वर सांगितलं तसं आटवायचं.

साखर विरघळून परत दाट व्हायला लागलं की ते फदफदायला लागतं, आधी बारीक फुगे, मग सावकाश मोठे, आणि प्रत्येक फुगा फुटताना गराचा थेंब उडतो. साखरेचा चटका पाण्यासारखा नसतो, चिकटून बसतो. माझ्या उजव्या मनगटावर आठाण्याएवढा डाग आहे तो करवंदाच्या घाण्याचा. लांब दांड्याचं लाकडी उलथनं, हाताला ओला नसलेला टॉवेल गुंडाळायचा आणि पोरं स्वयंपाकघराच्या बाहेर. आता गॅस बारीक आणि हात थांबवायचा नाही. उलथन्यानं बुडावर रेघ ओढली की बूड दिसतं, आधी लगेच बुजतं, नंतर रेघ तीन-चार सेकंद तशीच राहते आणि सगळा गोळा कडा सोडून उलथन्याबरोबर फिरायला लागतो. तेव्हा काट्यावर ठेवायचं. मी अजूनही काटा बघून झाल्यावर वाटीतल्या गार पाण्यात थेंब टाकते, ते काही गरजेचं नाही, सवय म्हणून. वाजत नाही अर्थात, पण बोटात मऊ गोळी वळली पाहिजे.

ताटाला तूप अगदी पुसल्यासारखं, जास्त लावलं की महिन्याभरात खवट वास येतो. दीड सेंटीमीटर जाडीचं थापायचं, तूप लावलेल्या वाटीच्या बुडानं वर गुळगुळीत करायचं आणि २४ तास हात लावायचा नाही. गरम असताना झाकण ठेवलं तर वाफेचं पाणी वर पडतं आणि बुरशीची सुरुवात तिथनंच होते, म्हणून पातळ मलमल टाकायची. दुसऱ्या दिवशी कोरड्या सुरीनं कापा, वड्या उलट्या करून अजून एक दिवस पंख्याखाली, मग बटर पेपरात एकेक. अशा वड्या माझ्याकडं थंडीत दोन-तीन महिने आरामात राहतात. फ्रीजमध्ये ठेवून आत-बाहेर करू नका, घाम येतो त्यांना.

गुळाचं. कोल्हापुरात राहून गूळ घालू नका म्हटलं तर माझं माहेर मला घरात घेणार नाही, आणि आपल्या गुळाला २०१४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण मिळालंय, पण खरं ते सांगते. रस स्वच्छ करताना बऱ्याच ठिकाणी चुन्याची निवळी घालतात, त्यानं रसाचा आंबटपणा मरतो, आणि तो गूळ पेरूत घातला की तुमच्या लिंबाचाही थोडा आंबटपणा खातो. शिवाय गुळात साखरेच्या मानानं पाणी जास्त आणि हवेतलं पाणी ओढायची खोड जास्त. त्यामुळं सगळाच गूळ घातला तर वडी मऊ राहते, रंग काळपट, आणि पेरूचा नाजूक वास गुळाखाली दबतो. निम्मी साखर निम्मा गूळ करा, गूळ वाटीभर पाण्यात विरघळवून गाळून घ्या, त्यात चिपाडाचे तुकडे आणि वाळू निघतेच, आणि एक लिंबू वाढवा. पिवळाधमक गूळ बघून भुलू नका, तपकिरी घ्या. आवळा आणि करवंद ही मुळातच आंबट, त्यांना मात्र नुसता गूळ सुद्धा शोभतो.

आता माझी एक खास गोष्ट. नरसोबावाडीला गेलं की बासुंदी-पेढ्याबरोबर कवठाची बर्फी आपण आणतोच, तर ते कवठ म्हणजे पेक्टिन आणि आंबटपणा दोन्हीचा गोळा. जानेवारी-फेब्रुवारीत, महाशिवरात्रीच्या आधी, पेरू पण असतो आणि कवठं पण यायला लागतात. पेरूच्या १ किलो गरात पिकल्या कवठाचा ५०-६० ग्रॅम गाळलेला गर घातला तर वडी अशी धरते की लिंबू एकच पुरतं. जास्त घालू नका, कवठ सगळ्यांवर बसतं, मग पेरू शोधावा लागतो.

आंब्याला मात्र हे गणित लावू नका, हापूसचा रस आटवला की मावा होतो, तो कापायला नाही, डब्यात भरायला. त्याची वडी हवी असेल तर खवा नाहीतर खोबरं लागतं. आणि गोव्याच्या पेरादचं कुणीतरी मागे विचारलं होतं, ती हीच वडी. पेरू हा शब्दच पोर्तुगीज पेरा म्हणजे नाशपाती, त्यावरनं आलाय. त्यांच्या देशात मार्मेलू नावाच्या तुरट फळाची अशीच घट्ट वडी करतात, मार्मालेड हा शब्द तिथला. गोव्यात पेरू होता, त्याची पेराद झाली आणि नाताळच्या फराळात जाऊन बसली.

तर ताई, तुमचं ताट. आधी उजेडात धरून बघा, पांढरे-हिरवे ठिपके किंवा दारूसारखा वास असेल तर सगळं टाका, वरचं खरवडून खालचं वापरायचं नाही. नसेल तर सगळं पसरट कढईत काढा, पाव वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर सैल करा, तोपर्यंत दोन कडक पेरू शिजवून गाळून त्याचा गर तयार ठेवा कारण तुमच्या गरातलं पेक्टिन दोन तासांत बरंच खलास झालंय. तो गर आणि २ लिंबांचा रस घाला, गॅस मोठा करा आणि ढवळत राहा. वजनाचा हिशोब: तुमची साखर १ किलो, सगळ्या पेरूंचा मिळून ऐवज १०० ग्रॅमच्या आसपास, ११०० ला पाऊणनं भागलं की १४६५ च्या आसपास येतं, म्हणजे पातेलं वजा जाऊन १४५० ला उतरवा. रंग आता परत येणार नाही, आणि गोडही जरा जास्तच लागेल, म्हणून शेवटी चिमूटभर मीठ टाका. आणि ताटाला तूप लावून झाल्याशिवाय गॅस पेटवू नका, ते १४५० ला आलं की तूप शोधायला वेळ नसतो.